नाही, माझ्या कुत्रीला पिल्लं होणार नाहीत. आता विचारणं बंद करा.

घरात मादी कुत्री असली की तिच्या पिल्लांवर अख्ख्या जगाचा हक्क असतो, असं लोकांना कोणी सांगितलंय? चिंगी लॅब्रॅडॉर आहे, तरुण आहे, दिसायला देखणी आहे. एवढ्या भांडवलावर जो तो येऊन सांगतो, "एकदा तरी पिल्लं होऊ द्या हं हिला!" फिरायला घेऊन निघावं तर वाटेत तेच. नातेवाईक आले की चहाचा कप खाली ठेवायच्या आत तेच. आणि त्याच्या पुढचं वाक्य ठरलेलं: "एक पिल्लू आमचं बरं का, आत्ताच सांगून ठेवतोय." जे जीव जन्माला आलेले नाहीत, येणारही नाहीत, त्यांचं वाटप माझ्यासमोर, माझ्याच घरात बसून करतात. मला राग येतो. खरंच संताप होतो. आणि "अगं, प्रेमानेच म्हणतात" अशी समजूत काढणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो.

सगळ्यात डोक्यात जातं ते "आई होण्याचं सुख". माझी सख्खी मावशी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तिला का त्या सुखापासून तोडतेस?" मावशी, कुत्रीला सहासात महिन्यांनी माज येतो तो हार्मोन्समुळे. साधारण तीन आठवडे तो टिकतो आणि ओसरतो. तो ओसरल्यावर चिंगी खिडकीत बसून न झालेल्या पिल्लांसाठी झुरत नाही. तिला चेंडू हवा असतो, फिरायला जायचं असतं, माझ्या पायांवर डोकं ठेवून झोपायचं असतं. पिल्लं झाली तर ती त्यांना सांभाळेलही, पण म्हणून ती आज कशाला तरी मुकलेली आहे हे कशावरून? ही हौस तुमची आहे. मुकी जनावरं बोलत नाहीत म्हणून आपली हौस त्यांच्या तोंडी घालायची, हे मला सहन होत नाही.

आता त्या गृहस्थांबद्दल, ज्यांच्याकडे नर लॅब्रॅडॉर आहे. नाव घेत नाही. चिंगीला पाहिल्यापासून माझ्या मागे लागलेत. "आमच्याशी लावून टाका, पहिलं पिल्लू निवडायचा मान आमचा, बाकी सगळी तुमची." मी अगदी शांतपणे विचारलं, तुमच्या कुत्र्याच्या खुब्याचे एक्स-रे काढलेत का? डोळे तपासलेत का? ब्रुसेला या संसर्गाची टेस्ट? तर हसले. म्हणाले, "अहो बघा की कसा पळतो! एकदम फिट आहे. आणि पेपर्स आहेत आमच्याकडे."

पेपर्स! त्या कागदावर आईबापाची, आजाआजीची नावं असतात. खुब्याचा सांधा कसा बसलाय हे त्यावर लिहिलेलं नसतं. लॅब्रॅडॉरमध्ये हिप डिस्प्लेशिया किती आढळतो हे ज्याने ही जात पाळली त्याला माहीत असायला हवं. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसत नाही, सांधा ढिला राहतो, झिजत जातो आणि मग संधिवात. तरुणपणी तो कुत्रा व्यवस्थित पळतोही, त्यामुळे "कसा पळतो बघा" याला काही अर्थ नाही. अमेरिकेत ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था १९६६ पासून हेच काम करते, आणि कुत्रा २४ महिन्यांचा झाल्याशिवाय खुब्याचा अंतिम दाखला देत नाही. इथे लोक वर्षाच्या कुत्रीला दुसऱ्याच माजात "लावून टाका" म्हणतात. तिची स्वतःची हाडं धड भरलेली नसतात तेव्हा!

डोळ्यांचं तर आणखी वाईट. दृष्टिपटल हळूहळू निकामी होण्याचा एक आनुवंशिक आजार या जातीत आहे. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग दिवसाही. नर आणि मादी दोघंही फक्त वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेले, असतील तर दोघांचे डोळे ठणठणीत असतात, कुणाला शंकाही येत नाही. पण त्यांच्या पिल्लांपैकी सरासरी चौथा हिस्सा पुढे आंधळा होऊ शकतो. एका डीएनए टेस्टने हे आधी कळतं. जोरात पळाल्यावर मागचे पाय लुळे पडून कुत्रा कोसळतो, त्या आजाराचीही टेस्ट आहे. ज्या माणसाला आपल्या कुत्र्याचा वंश पुढे चालवायचाय त्याला एवढंही करायचं नसेल, तर त्याला नक्की काय पुढे चालवायचंय?

ब्रुसेलाचं नाव काढलं तेव्हा तर त्यांना अपमान वाटला. "आमचा घरात राहतो हो, रस्त्यावरचा नाहीये." अरे, पण कुत्र्यांचा ब्रुसेला समागमातून पसरतो, गाभण कुत्रीचा गर्भ शेवटच्या टप्प्यात पडतो, औषधांनी तो पूर्ण जाईलच याची खात्री नसते, आणि माणसालाही होऊ शकतो. त्याच वाटेने जननेंद्रियांवर एक संसर्गजन्य गाठही येते, टीव्हीटी म्हणतात तिला. यांच्या कुत्र्याचं आधी कुणाकुणाशी मेटिंग झालंय हे त्यांनीच अभिमानाने सांगितलं होतं. त्यातल्या एकाही मादीची टेस्ट झाली होती का, यावर उत्तर नाही.

शेवटी मी खरं काय ते सांगून टाकलं. चिंगी मध्यंतरी उठताना मागचा पाय आखडायची म्हणून आम्ही एक्स-रे काढला. तिच्या दोन्ही खुब्यांत दोष आहे. सौम्य आहे, वजन आटोक्यात ठेवलं आणि व्यायाम बेताने ठेवला तर ती छान जगेल. पण हा दोष पुढच्या पिढीत उतरतो. अनेक जनुकांचा मिळून आहे, त्यामुळे एका टेस्टने पकडता येत नाही, आणि म्हणूनच दोष दिसलेल्या कुत्रीला पिल्लं होऊ द्यायची नाहीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

त्यावर ते काय म्हणाले? "त्यात काय एवढं, पिल्लं घेणारे कोण एक्स-रे काढायला जातायत!"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणजे कुणाच्या तरी घरातलं लेकरू त्या पिल्लावर जीव लावणार, चारपाच वर्षांत ते पिल्लू जिना चढताना कळवळणार, आणि यांना चालणार, कारण तोवर आपला कुणी पत्ता शोधत येणार नाही. हा माणूस स्वतःला डॉगलव्हर म्हणवतो.

बरं, खुबे उत्तम असते तरी? बाळंतपण म्हणजे फोटोत दिसणाऱ्या टोपलीभर गोंडस पिल्लांचा कार्यक्रम वाटतो लोकांना. दिवस साधारण ६३. शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढून पिल्लं मोजायची, म्हणजे आत एखादं राहिलं तर कळतं. मग रोज तिचा ताप बघायचा, कारण व्यायच्या आदल्या चोवीस तासांत अंगाचं तापमान खाली येतं. कळा जोरात सुरू होऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त गेले, पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट स्राव दिसला, तर तडक दवाखाना, रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. त्या वेळी सिझेरियन करू शकणारा डॉक्टर कुठे मिळेल हे तुम्ही आधी शोधून ठेवलंय का? मी दवाखान्यात एक छोटीशी कुत्री पाहिली आहे. मोठ्या जातीच्या नराशी "चुकून झालं" म्हणे. पिल्लू अडकलेलं, मेलेलं, आणि घरचे आदल्या दुपारपासून "निसर्ग आपोआप करतो" म्हणत वाट पाहत बसलेले. ती कुत्री वाचली नाही. निसर्ग आपोआप करतो तसा मारतोही आपोआप, हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर यांनी ऐकलं नव्हतं.

व्याल्यावरही सुटका नाही. दूध जोरात सुरू झालं की दोनतीन आठवड्यांत रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरू शकतं. कुत्री थरथरायला लागते, धापा टाकते, झटके येतात, लगेच उपचार नाही मिळाले तर जीव जाऊ शकतो. आचळांना सूज येऊन पू होतो. पिल्लांना पहिले दोन आठवडे अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही, आईने चाटल्याशिवाय शी-शूसुद्धा होत नाही. आईने नाकारलं, आईला दूध नसलं, आईच गेली, तर दर दोनतीन तासांनी बाटलीने पाजायचं आणि ओल्या कापसाने पुसून शू करवायची ती आपणच. दिवसरात्र. रोज प्रत्येकाचं वजन. त्यातही एखादं कोमेजत जातं आणि हातातच जातं. "एक आमचं बरं का" म्हणणाऱ्यांपैकी एक तरी माणूस त्या रात्री माझ्या शेजारी जागायला येणार आहे का? ते येणार डोळे उघडल्यावर, फोटो काढायला.

आणि मग वाटप. लॅब्रॅडॉरला सातआठ पिल्लं सहज होतात. बुकिंग करणाऱ्यांपैकी निम्मे गायब होतात, हे ज्यांनी ज्यांनी पिल्लं काढली त्या सगळ्यांकडून ऐकलंय. "आत्ता घराचं काम काढलंय", "मुलीची दहावी आहे", "आम्हाला नरच हवा होता". उरलेले महिन्याचं पिल्लू मागतात, का तर लहानपणी नेलं की लळा लागतो. किमान आठ आठवडे ते आईजवळ आणि भावंडांत असायला हवं. किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं हे ते तिथेच शिकतं. चार आठवड्यांत उचलून नेलेलं पिल्लू चावरं निघालं की मग हेच लोक म्हणतात, "कुत्रं बिघडलंय, परत घ्या." घेणार ना परत? घ्यायलाच हवं. ज्याने जन्माला घातलं त्याने त्या आठही जीवांची पुढची दहाबारा वर्षं जबाबदारी घ्यायला हवी. ज्याची ही तयारी आहे, जो टेस्ट करतो, घरं पारखून पिल्लं देतो, वर्षभराने नको झालेला कुत्रा परत आला तर दार उघडतो, त्याच्याशी माझं भांडण नाही, उलट आदर आहे. पण असे किती भेटतात? शेल्टरमध्ये जाऊन बघा. जातिवंत लॅब्रॅडॉर, तेही तरुण, पिंजऱ्यात बसलेले दिसतील. त्यातला प्रत्येक कधीतरी कुणाच्या तरी "एकदाच" मधून जन्माला आलाय.

शेवटचं हत्यार असतं तब्येतीचं. "एकदा व्यायली की पिशवी साफ होते, पुढे त्रास होत नाही." हे साफ खोटं आहे! एकदा व्यायल्याने गर्भपिशवी कायमची सुरक्षित होत नाही. माज ओसरल्यावर काही आठवड्यांत पिशवीत पू होतो, पायोमेट्रा, तो व्यालेल्या कुत्र्यांनाही होतो. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात नसबंदीचं ऑपरेशन न झालेल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या माद्यांना १० वर्षांच्या आत तो झाल्याचं दिसलं. माजानंतर कुत्री भरपूर पाणी प्यायला लागली, मलूल झाली, खाईना, तर थांबू नका, दवाखाना गाठा. हे सांगायला कुणी येत नाही, पिल्लं मागायला मात्र सगळे. नराच्या बाबतीत दुसरी थाप: "एकदा मेटिंग करून दिलं की शांत होतो." शांत होत नाही. एकदा चटक लागली की जागोजागी मुतणं आणि मादीच्या वासाने बेभान होणं वाढूही शकतं.

चिंगीचं नसबंदीचं ऑपरेशन ठरलंय. माज ओसरून दोनतीन महिने होऊ द्यायचेत, कारण त्या आधी पिशवीचा रक्तपुरवठा वाढलेला असतो. ऑपरेशननंतर वजन वाढू शकतं, काही माद्यांना पुढे लघवी न थांबण्याचा त्रास होतो, मोठ्या जातीत ते कोणत्या वयात करावं यालाही महत्त्व आहे. हे सगळं डॉक्टरांशी बसून बोललोय. निर्णय आमच्या घराचा आहे आणि तो झालाय. मावशीला मी पुन्हा समजावेन, ती आपली आहे.

पण त्या गृहस्थांना सांगते. माज चालू असताना तुम्ही त्या नराला पट्टा न लावता आमच्या फाटकापर्यंत आणलंत, "सहज फिरत आलो" म्हणालात. सहज नव्हतं ते, आपण दोघंही जाणतो. पुन्हा तसं दिसलात तर मी फाटकातून बोलत बसणार नाही, थेट तक्रार करेन.