वैऱ्याच्या वहीतली साक्ष

शाळेतल्या मित्रांच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतिहासाचा वाद सुरू झाला की तिसऱ्या-चौथ्या मेसेजला तो घटनेवरून लिहिणाऱ्याच्या आडनावावर येतो. बखर कुणाची? त्याची जात कोणती? फारसी तवारीख असेल तर शत्रूचीच, टाका बाजूला. पण इंग्रजांच्या वखारीतलं एखादं पत्र सोयीचं निघालं की लगेच ‘बघा, परकेसुद्धा मान्य करतात’. म्हणजे आपल्या माणसानं लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं, आणि त्यांच्या माणसानं वापरलेली शाईसुद्धा खोटी.

मी इंग्लंडात लीड्सला असतो, काम लेखापरीक्षणाचं. इथून यॉर्क आगगाडीनं अर्ध्या तासावर. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी तिथला तट आणि मिन्स्टर हे मोठं चर्च दाखवतो, आणि मग नदीजवळच्या हिरव्या टेकाडावरच्या क्लिफर्ड्स टॉवरला नेतो. बहुतेकांना किल्ला म्हणून तो अगदीच किरकोळ वाटतो. रायगड-राजगड पाहिलेल्यांना वाटणारच. पण ऐतिहासिक साधनं कशी तोलायची हे ज्याला शिकायचंय त्यानं या टेकाडावर एक दुपार घालवावी. आजचा दगडी बुरूज तेराव्या शतकातला. त्याआधीचा लाकडी बुरूज १६ मार्च ११९० च्या रात्री जळाला, आणि त्यात यॉर्कचे ज्यू मेले.

हकिगत सहा महिने आधी सुरू होते. ३ सप्टेंबर ११८९ ला इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याचा राज्याभिषेक झाला. नजराणे घेऊन आलेल्या ज्यूंना दारातच मारहाण झाली आणि लंडनमध्ये त्यांची घरं जळाली. यॉर्कचा बडा सावकार बेनेडिक्ट त्यात जबर जखमी झाला. जिवाच्या भीतीनं त्यानं बाप्तिस्मा घेतला, दुसऱ्या दिवशी राजासमोर ‘मी ज्यूच आहे’ असं सांगितलं, आणि परतीच्या वाटेवर नॉर्थॅम्प्टनला तो मेला. पुढे राजा धर्मयुद्धाच्या (क्रूसेडच्या) तयारीसाठी समुद्रापलीकडे गेला आणि लिन, नॉरिच, स्टॅमफर्ड अशी गावं एकामागून एक पेटली. मार्चमध्ये यॉर्कला बेनेडिक्टचं घर फोडलं गेलं, त्याची विधवा आणि मुलं मारली गेली. त्याचा जोडीदार जॉस बाकीच्यांना घेऊन राजाच्या किल्ल्यात आसऱ्याला गेला. किल्लेदार काही कामासाठी बाहेर पडला, तेव्हा तो आपल्याला विकणार या भयानं आतल्यांनी त्याला परत घेतलंच नाही. झालं, राजाच्या किल्ल्यावर कब्जा केला असं कारण मिळालं आणि शेरीफनं, म्हणजे राजाच्या तिथल्या अधिकाऱ्यानं, वेढा घातला. बाहेर जमाव, आत उपासमार. शुक्रवारी रात्री राब्बी (ज्यू धर्मगुरू) योम तोव यांच्या सांगण्यावरून बहुतेकांनी आपल्या बायकामुलांना आणि मग स्वतःला संपवलं, बुरुजाला आग लावली.

हे आपल्याला सांगतो कोण? सर्वांत सविस्तर सांगणारा आहे न्यूबर्गचा विल्यम, यॉर्कच्या उत्तरेला पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या मठातला ख्रिस्ती धर्मपुरुष. घटनेनंतर सहा-आठ वर्षांनी त्यानं लिहिलं. ज्यूंनी ख्रिस्ती लोकांच्या हाताखाली दबून राहावं, लंडनच्या दंगलीत त्यांचा माज उतरला ते ठीकच झालं, असं मानणारा हा माणूस. आमच्या ग्रुपचा नियम लावला तर त्याचं पुस्तक पहिल्या पानावरच बंद करायला हवं.

पण तोच विल्यम सांगतो की कटाचे पुढारी ज्यूंचे कर्जदार होते, आणि रिचर्ड मालबीसचं नावही घेतो. कत्तल संपल्यावर हे लोक थेट मिन्स्टरमध्ये गेले, तिथे ठेवलेले कर्जरोखे त्यांनी बाहेर काढायला लावले आणि चर्चच्या आतच जाळले, हेही तोच सांगतो. आपल्याच धर्माच्या, आपल्याच प्रांतातल्या सरदारांबद्दल असं लिहिण्यात त्याचा काडीचा फायदा नव्हता. लेखापरीक्षणात हेच पाहतात: कुठली नोंद लिहिणाऱ्याला महागात पडणारी आहे? ती सहसा खरी असते.

याचा अर्थ त्याचं सगळंच उचलावं असा नाही. योम तोव यांच्या तोंडी तो जे लांबलचक भाषण घालतो ते त्या रात्री बुरुजाखाली उभं राहून कुणी उतरवून घेतलेलं नव्हतं. मसादाच्या वेढ्यात ज्यूंनी सामूहिक मरण पत्करल्याची हकिगत जोसेफस या ज्यू इतिहासकारानं पहिल्या शतकात लिहिली, आणि विल्यम जोसेफसचं नाव स्वतःच घेतो. म्हणजे भाषणाचा साचा कुठून आला ते उघड आहे. मग आत्मबलिदानच पुस्तकातून उचललं की काय? इथे दुसरा साक्षीदार उपयोगी पडतो.

तो आहे बॉनचा एफ्राइम. ज्यू, हिब्रूत लिहिणारा, ऱ्हाइनकाठचा. तेरा वर्षांचा असताना, ११४६ मध्ये, दुसऱ्या धर्मयुद्धाच्या धामधुमीत तो स्वतः एका किल्ल्यात लपून वाचला होता. त्यानं यॉर्क पाहिलेलं नाही. पण योम तोव यांनी साठेक जणांना आपल्या हातानं मारलं, असं तोही लिहितो. शिवाय एक बारीक गोष्ट जाता जाता सांगतो: यॉर्कमधून लुटलेली सुंदर पुस्तकं कोलोनला आणून तिथल्या ज्यूंना विकली गेली. कोलोन म्हणजे बॉनच्या शेजारचं. बातमी कोणत्या वाटेनं पोचली असेल याचा धागा बहुधा या एका वाक्यात आहे. एकमेकांचं तोंड न पाहणारे, एकमेकांची भाषा न वाचणारे दोन लेखक एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती घडली असं धरायला हरकत नसावी. आणि मेलेल्यांचा आकडा? काही इंग्रजी इतिवृत्तांत तो पाचशेच्या घरात जातो. एफ्राइम दीडशे म्हणतो. बळी ज्याच्या समाजाचे, त्यानं आकडा लहान सांगितला आहे. आजचे बहुतेक अभ्यासक दीडशेच्या बाजूनं झुकतात.

राजवाड्यांनी आपल्याला अस्सल कागदाचा नाद लावला. समकालीन पत्राचं एक चिटोरं मागाहून लिहिलेल्या बखरीपेक्षा मोलाचं, हा त्यांचा धडा आपल्या रक्तात इतका भिनलाय की कागद दिसला की आपण प्रश्न विचारणं थांबवतो. यॉर्कपुरता असा कागद आहे: राजाच्या खजिन्याची त्या सालची हिशेबाची गुंडाळी. राजाच्या गैरहजेरीत कारभार पाहणारा चॅन्सेलर लाँगशाँ सैन्य घेऊन आला तोवर पुढारी पळाले होते, म्हणून त्यानं शहरातल्या लोकांना दंड केले. त्या दंडाच्या रकमा नावांसकट गुंडाळीत आहेत. कोरडा सरकारी कागद, त्याला भाषणं रचायची हौस नाही. आणि तो विल्यमला छेद देतो. विल्यम म्हणतो, शहरातली वजनदार मंडळी राजाच्या भयानं यापासून लांब राहिली. गुंडाळीत दंड आहे तो खाऊनपिऊन सुखी अशा माणसांना.

आता चिटोरं खरं मानायचं की बखर? मला दोन्ही खरी वाटतात. दंड ज्याच्या नावावर पडतो तो गुन्हेगारच असतो असं नाही. ज्याच्याकडून वसूल होऊ शकतो त्याच्या नावावर तो पडतो. दंगल थांबवली नाही म्हणूनही पडू शकतो. कागद अस्सल आहे, पण ‘कोणी मारलं’ या प्रश्नासाठी तो लिहिलेलाच नाही. त्यात कोणाकडून किती येणं आहे एवढंच आहे. फाशी कोणालाही झाली नाही आणि मालबीसनं पुढे पैसे भरून आपल्या जमिनी सोडवल्या.

कर्जरोख्यांची गोष्ट ऐकली की मराठी माणसाला सुपे आठवतं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणबी शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजराती सावकारांची दुकानं घेरली, वह्या आणि कर्जखतं हिसकावून जाळली. लोण नगरपर्यंत गेलं. दोन्हीकडे सरकारचा उपायही एकाच जातीचा: इंग्लंडात ११९४ मध्ये ज्यूंच्या कर्जरोख्यांच्या प्रती सरकारी पेट्यांत ठेवायची व्यवस्था झाली, दख्खनेत १८७९ च्या कायद्यानं खतं सरकारी अधिकाऱ्यासमोर करायची सक्ती आली. हे साम्य पाहून आमच्यातला एक जण म्हणाला, ‘म्हणजे यॉर्कचंही तेच, सावकारीविरुद्धचा उठाव.’

नाही. सुप्याला आणि आसपास खतं हाती आली की बहुतेक ठिकाणी सावकाराला सोडून दिलं गेलं. जीवितहानी जवळपास नाहीच. यॉर्कला रोख्यांकडे मोर्चा वळला तो सगळे मेल्यावर. कर्ज होतं ते मालबीससारख्या मूठभर पुढाऱ्यांच्या डोक्यावर. बेनेडिक्टच्या मुलांना मारणारा गल्लीतला पोरगा ज्यूंचा देणेकरी होता असं कुठलंही साधन म्हणत नाही. विल्यमच्या वर्णनात पांढऱ्या कपड्यातला एक धर्मवेडा बैरागी जमावाला रोज चेतवत असतो आणि शेवटी वरून पडलेल्या धोंड्याखाली चिरडला जातो. त्याला कोण कर्ज देणार? ‘सावकार होते म्हणून’ हे कारण ऐकायला समंजस वाटतं, म्हणूनच ते फार लवकर पुरेसं वाटतं. सुप्याच्या बाबतीतही चौकशी आयोगानं दोष सावकारावर ठेवला आणि सरकारी शेतसाऱ्याला दोषातून सोडवलं. आयोग सरकारचाच होता.

असे जमाव आपल्याकडे नव्हते, भारतात ज्यूंना कधी कुणी हात लावला नाही, हा मेसेजही ग्रुपवर ठरावीक काळानं येतो. कोकणातल्या बेने इस्रायलांपुरतं ते बव्हंशी खरं आहे. घाण्यावर तेल गाळणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, आणि ते शतकानुशतकं निर्धास्त राहिले. पण गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं, म्हणजे लोकांचा धर्म तपासून शिक्षा देणारी चर्चची यंत्रणा. तिथे जमाव नव्हता, न्यायालय होतं. गार्सिया द ओर्ता हा गोव्यातला नामांकित वैद्य मेल्यावर त्याच्या बहिणीला, कतरीनाला, जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. तो आतून ज्यू धर्म पाळत होता हे आपल्याला कळतं ते मुख्यतः इन्क्विझिशनच्याच कागदांतून. गोव्यातलं मूळ दप्तर बव्हंशी नष्ट झालं. उरली ती कोठडीत, भीतीपोटी दिलेली जबानी, आणि ती उतरवून घेणारा जाळणाऱ्यांचाच कारकून. ती फेकायची म्हटलं तर गार्सियाचं निम्मं आयुष्य नाहीसं होतं; तशीच स्वीकारायची तर कोठडी विसरावी लागते.

इथले लोक या बाबतीत फार शहाणे आहेत असंही समजू नये. टेकाडाच्या पायथ्याशी दगडी पाटी लागायला १९७८ उजाडलं. जवळच ज्यूबरी नावाच्या भागात १९८२-८३ मध्ये ज्यूंचं जुनं दफनस्थान खोदलं गेलं, सुमारे पाचशे सांगाडे निघाले, आणि हेच ११९० चे मृत असं वाटायला वेळ लागला नाही. पण ते त्या हत्याकांडातले आहेत असं दाखवणारा पुरावा मिळाला नाही. ती शंभरेक वर्षं वापरातली साधी दफनभूमी होती. उलट नॉरिचला २००४ मध्ये एका जुन्या विहिरीत सतरा जणांची हाडं सापडली, त्यात मुलं बरीच. २०२२ च्या जनुकीय अभ्यासात ते अश्कनाझी (युरोपातल्या) ज्यू वंशाचे दिसले, तिघी तर सख्ख्या बहिणी. राल्फ ऑफ डिसेटोच्या इतिवृत्तात नॉरिचच्या ज्यूंना ६ फेब्रुवारी ११९० ला घरांत गाठून मारल्याची त्रोटक नोंद आहे, आणि हाडांचा काळ तिच्याशी जुळतो. जुळतो इतकंच, तारीख हाडांवर लिहिलेली नसते.

यॉर्कच्या पाटीबद्दल माझी एक तक्रार आहे. तीवर मालबीसचं नाव आहे, आकडा दीडशेच्या आसपासचा आहे, आणि धर्म सोडण्यापेक्षा एकमेकांच्या हातून मरण पत्करलं असं लिहिलंय. ते सगळ्यांनी पत्करलं नव्हतं. काहीजण सकाळपर्यंत जिवंत होते. त्यांनी वरून ओरडून सांगितलं की आम्ही बाप्तिस्मा घेतो, जीव वाचवा. त्यांना अभय मिळालं, आणि बाहेर पडताच कापून काढलं गेलं. त्यांची हकिगत ज्यूंना तुच्छ लेखणाऱ्या विल्यमनं लिहिली आहे, आणि त्यांची इच्छा खरी असो वा खोटी, हे क्रौर्य निंद्यच, असा शेराही त्यानं मारला आहे. धर्मासाठी मेलेल्यांची आठवण ठेवणाऱ्या पाटीला, जगायला धर्म सोडायला निघालेले हे लोक अडचणीचे वाटले असावेत. पाटी कधी नव्यानं कोरली तर त्यांच्यासाठी एक ओळ घालायला हवी, आणि ती विल्यमच्या आधारानं घालायला मला तरी काही अडचण दिसत नाही.