केडलस्टन हॉल: कर्झनचं घर कशासाठी जपायचं?

नमस्कार. इंग्लंडमधल्या केडलस्टन हॉलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की बंगालची फाळणी करणाऱ्या कर्झनचं घर भारताच्या लुटीतून उभं राहिलं, त्याच्या जतनाचं कौतुक मराठी माणसाने का करावं, आणि आपले वाडे पडतायत त्याचं काय? तुमचा संताप मला समजतो. माहिती मात्र दुरुस्त करायला हवी.

डर्बीशायरमधलं हे घर नथॅनिएल कर्झनने 1759 मध्ये बांधायला घेतलं. व्हाइसरॉय कर्झन तिथे जन्मला तो बरोबर शंभर वर्षांनी. पैसा मुख्यतः इंग्लंडमधल्या जमिनींचा होता. म्हणून तो स्वच्छ होता असं नाही. घरासमोर मोकळी हिरवळ हवी म्हणून तिथलं अख्खं गाव उठवलं, रस्ता लांबून वळवला. उरलं ते जुनं चर्च, घराला अगदी खेटून. एवढ्या भव्य घराच्या कुशीत हे गावचर्च का, याचं उत्तर त्या उठवलेल्या गावात आहे.

भारत या घरात आला तो पुढे. कर्झनने आशियातून नेलेल्या वस्तूंचं तिथे संग्रहालय आहे. त्याची बायको मेरी हिने 1903 च्या दिल्ली दरबारावेळी घातलेला झगाही तिथेच. अंगभर जरीची मोरपिसं, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याच्या पंखाचं हिरवं चकचकीत कवच टाचलेलं. शिवला पॅरिसला, भरतकाम मात्र आपल्या कारागिरांचं. घरातल्या मार्बल हॉल या दालनातले अलाबास्टर दगडाचे वीस खांब कितीही देखणे असोत, मला हा झगा जास्त मोलाचा वाटतो. सत्तेचा थाट कुणाच्या बोटांवर उभा होता, ते त्यात टाक्याटाक्यात दिसतं. घर मोडीत निघालं असतं तर हा पुरावाही लिलावात पांगला असता.

आणि तिकडे सगळं गोड गोड सांगितलं जातं असंही नाही. नॅशनल ट्रस्ट या तिथल्या वारसा जपणाऱ्या संस्थेने 2020 मध्ये आपल्या 93 वास्तूंचे वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध जाहीर केले. त्यात केडलस्टन आहे. त्यावरून ब्रिटनमध्ये केवढा गदारोळ उठला!

वाड्यांबद्दल तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण केडलस्टनही नुसतं संरक्षित यादीत नाव असल्यामुळे तगलं नाही. कुटुंबाला खर्च झेपेना, तेव्हा राष्ट्रीय वारसा निधीने मोठी रक्कम घातली आणि 1987 मध्ये घर ट्रस्टकडे आलं. कुटुंबाला एका भागात राहताही आलं. आपल्याकडे वाडा यादीत जातो, आणि गळकं छप्पर मालकाच्या आणि भाडेकरूंच्या गळ्यात राहतं. दुरुस्तीचा पैसा कोण देणार, हे आधी ठरायला हवं. तुमच्या डोळ्यांसमोर एखादा वाडा असेल तर जरूर कळवा, त्यावर लिहायला मला आवडेल.