बंपर जाड करण्याआधी चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) बघा

जीपसारख्या गाडीला घरी लोखंडी बंपर कसा बनवायचा, यावरच्या तुमच्या लेखात ६ मिमी जाड पोलादी प्लेट सुचवली आहे. माझं मत वेगळं आहे. ६ मिमी प्लेटचं वजन चौरस मीटरला ४७ किलो भरतं. त्यात पाइप, ब्रॅकेट (बंपर गाडीला धरून ठेवणारे तुकडे) आणि विंच (अडकलेली गाडी दोरीनं ओढून काढायचं यंत्र) धरलं की पुढचे स्प्रिंग बसलेच म्हणून समजा. ४ मिमी घेतली तर तेच वजन ३१ किलोवर येतं, आतून रिब, म्हणजे आधाराच्या उभ्या पट्ट्या, दिल्या की ताकदही पुरते.

मी माझ्या जुन्या जीपचा बंपर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत प्लेट कापून घेऊन घरीच जोडला. पहिल्या वेळी ब्रॅकेट बारीक ठेवले होते. खानापूरच्या पुढे जांबोटीकडच्या चिखलात दुसऱ्या गाडीनं ओढलं आणि बंपरच वाकून आला! ओढायचा हूक बंपरच्या पत्र्यावर कधीच जोडू नका. तो थेट चेसिसला, मागे जाड प्लेट देऊन, ८.८ ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या, बोल्टनी बसवा. दोरी तुटून किंवा हूक सुटून आला तर माणसाचा जीव जातो, हे लेखात यायलाच हवं होतं.

अजून एक राहिलंय. एअरबॅगवाल्या गाडीला असला बंपर लावूच नका, सेन्सरला धक्का नीट कळत नाही. रस्त्यावर तर पायी चालणाऱ्याला ते लोखंड फार वाईट लागतं. केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच गाडीपुढे लावलेल्या अशा लोखंडी गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलंय, गाडीत मनाने बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या पोरांनो, रस्त्यावर कंपनीचाच बंपर ठेवा.