गळक्या टाकीचा बाजारभाव

गिझर चालू असतो तोवर त्याच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही. गळायला लागला की मात्र तो आतून कशाचा आहे, याविषयी घरातल्या प्रत्येकाला मत फुटतं. आमच्या गिझरखाली बादली ठेवायची वेळ आली तेव्हा नळ बंद केला का, बटण बंद केलं का, असलं काही बाबांनी विचारलं नाही. "टाकी तांब्याची ना रे?" एवढंच विचारलं, तेही मोठ्या आशेने.

या आशेमागे जुनी जखम होती. आधीचा गिझर खरोखरच तांब्याच्या टाकीचा होता आणि बाबांनी तो 2001 च्या अखेरीस मोडीत घातला. तेव्हा लंडन मेटल एक्स्चेंजवर तांबं टनाला 1,500 डॉलरच्या आसपास लोळत होतं. 2006 च्या मे महिन्यात ते 8,000 च्या वर गेलं आणि बाबा पेपरातलं ते पान हातात धरून बराच वेळ बसून राहिले. टाकी भरली असेल चार-पाच किलो, पण बाबा हळहळले ते टनाच्या हिशेबाने.

शेजारचे काका त्या वेळी खुशीत होते. त्यांची जुनी टाकी माळ्यावर शाबूत होती. "अजून चढणार," म्हणाले आणि थांबले. 2008 च्या डिसेंबरात भाव 3,000 च्याही खाली आला आणि घरात रंगकाम निघालं म्हणून काकूंनी माळा नेमका तेव्हाच रिकामा करायला लावला. पुढे 2011 च्या सुरुवातीला तांबं 10,000 वर पोचलं, तेव्हा बाबा आणि काका हवापाण्याखेरीज एकमेकांशी काही बोलेनासे झाले.

तर मेकॅनिकने गिझर खाली उतरवला. वरचं कवच निघालं, पिवळा फोम निघाला आणि आत दिसलं पोलाद, आतल्या बाजूने काचेसारखा इनॅमलचा थर दिलेलं.

"काच?" बाबांचा आवाज बसला.

"हो काका, गंजू नये म्हणून."

"मग गळतंय कुठून?"

उत्तरादाखल त्याने टाकीतून एक सळई ओढून बाहेर काढली. ही मॅग्नेशियमची असते आणि टाकीच्या बदली आपण झिजायचं, एवढंच तिचं काम. इनॅमलला बारीक भेग पडली तरी ही शिल्लक असेतो पोलाद वाचतं. आमच्या सळईची उरली होती फक्त मधली तार आणि तिला चिकटलेले पांढरट खडे. ती वेळच्या वेळी बदलावी असं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका कुठे ठेवली आहे, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

(युक्ती मुळात जहाजांची. हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1824 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबं झिजायचं थांबलं खरं, पण ते पाण्यात विरघळेना म्हटल्यावर शिंपले निर्धास्तपणे तळाला चिकटू लागले आणि जहाजं मंदावली. हे मी मेकॅनिकला सांगितलं. त्याने पाना कुठे ठेवलाय, तेवढं विचारलं.)

भंगारवाल्याने आल्या आल्या टाकीला लोहचुंबक लावलं. ते टक्कन चिकटलं. "लोखंड," तो म्हणाला आणि विषय संपवला.

"वजन तर बघा," बाबा म्हणाले.

त्याने टाकी उचलून हलवली. आत खडखडलं. पाणी तापलं की त्यातले कॅल्शियमचे क्षार तळाशी बसतात. वर्षानुवर्षांचा तो ठेवा बाबांनी वजनाला हातभार म्हणून मुद्दाम आत राहू दिला होता. भंगारवाल्याने शांतपणे टाकी उपडी केली आणि पांढऱ्या खपल्यांचा ढीग आमच्या फरशीवर पडला. तो मी झाडला, कारण क्षाराला भाव नाही.

पितळेचे दोन नट मात्र त्याने एक शब्दही न बोलता बाजूला सरकवले. बाबांनी ते तितक्याच मुकाट्याने परत ओढले. मग निघाली कॉईल.

"ही तर तांब्याची आहे!" बाबा खुलले.

"नळी तांब्याची. आत पावडर ठासलेली असते."

माणूस खरं बोलत होता. आतली तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड भरतात, म्हणजे उष्णता बाहेर येते आणि वीज येत नाही. पण सत्य ऐकायच्या मनःस्थितीत बाबा नव्हते. टाकी लोखंडाच्या भावाने गेली, कॉईल रुमालात गुंडाळून कपाटात गेली.

2024 च्या मे महिन्यात तांब्याने 11,000 ओलांडले, त्या दिवशी शेजारचे काका चपला न घालता आमच्याकडे आले. "अहो, काढा ती आता! माझं ऐका, मी पोळलोय."

बाबांनी रुमाल सोडला, कॉईल तळहातावर तोलली आणि परत बांधली.

"अजून चढणार."

"अहो, अर्धी पावडर आहे ती!"