‘जरा वाचन वाढवा’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चर्चमध्ये होणाऱ्या आराधनेवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया सोमवारी रात्री वाचली, मंगळवारी परत वाचली आणि आज उत्तर लिहायला बसलो. नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून नुसतं ‘वाचक’ म्हणतो.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपली की लगेच मॉन्स्ट्रन्स, म्हणजे पवित्र भाकर सगळ्यांना दिसेल असं पात्र, वेदीवर ठेवायचा, एक गीत गायचं, आशीर्वाद द्यायचा आणि लोकांना घरी पाठवायचं, ही आराधना नव्हे. मिस्सेनंतर केवळ आशीर्वादासाठी पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचं शरीर मानलेली ती भाकर) असं मांडायला चर्चने 1967 सालीच मनाई केली आहे. माझ्या आजीचं दोन्ही गुडघे टेकणं हा ‘जुना देखावा’, कारण 1973 च्या विधिग्रंथात एकच गुडघा सांगितलाय. मुंबईच्या युखरिस्तिक काँग्रेसचं (पवित्र साक्रामेंताच्या भक्तीसाठी भरलेल्या जागतिक मेळाव्याचं) साल मी चुकवलं. आणि शेवटी: ‘भावनेवर लेख चालतो, उपासना नाही. जरा वाचन वाढवा.’

चूक आधी कबूल करतो. काँग्रेस नोव्हेंबर-डिसेंबर 1964 मध्ये झाली, पोप सहावे पॉल तेव्हाच मुंबईला आले होते. मी 1965 लिहिलं होतं, ते दुरुस्त केलंय. आभार. आमचे बाबा त्या गर्दीत ओव्हल मैदानावर होते, त्यामुळे साल चुकल्याची लाज मला तुमच्यापेक्षा जास्त वाटली.

आता वाचनाचं. गेली बावीस वर्षं मी आमच्या धर्मग्रामात रविवारच्या मिस्सेत वाचन करतोय, मुलांना धर्मशिक्षण देतोय. एवढं करूनही वाचन वाढवायचं राहिलं असेल तर वाढवीन. पण हे वाक्य आपण समोरासमोर बसलो असतो तर तुम्ही बोलला असतात का? चर्चच्या पायऱ्यांवर कुणी कुणाला असं बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही, आणि आमच्या पायऱ्यांवर बरंच काही बोललं जातं.

पण मला लागलं ते ‘देखावा’. माझी आजी पहाटे तीनला उठून मोगरा खुडायची आणि वसईहून पहिल्या गाडीने टोपली घेऊन दादरला जायची. दुपारी परत यायची, आंघोळ करायची, लुगडं बदलायची आणि पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये पुढून तिसऱ्या बाकावर असायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं. आराधनेच्या लॅटिन गीतातला ‘तांतुम एर्गो साक्रामेंतुम’ हा तिला एकच लांबलचक शब्द वाटायचा आणि तो ती एका दमात गायची. ते गीत परंपरेने संत थॉमस अक्वायनसच्या नावावर आहे, 1264 साली पोप चौथे अर्बन यांनी ख्रिस्तदेहाचा सण साऱ्या चर्चला लावून दिला त्या काळातलं, हे मला मोठेपणी कळलं. तिला कळलंच नाही. तिचं काही अडलंही नाही.

तर मॉन्स्ट्रन्स वेदीवर आला की ती दोन्ही गुडघ्यांवर जायची. फरशीवर, बाकाच्या पाटावर नव्हे. एकदा एका तरुण फादरनी प्रेमाने सांगितलं, ‘आजी, आता एकच गुडघा पुरतो.’ ती म्हणाली, ‘एकावर तोल जातो फादर, दोनांवर बरी.’ आम्ही घरी हसलो. ती हसली नाही. तुम्हाला हा देखावा वाटतो. असो.

आणि हो, 1973 चं ते पुस्तक मीही उघडून बघितलं (वाचन!). साक्रामेंत पेटीत असो की वेदीवर मांडलेलं असो, एकच गुडघा टेकावा, असं त्यात आहे. दोन टेकणारे नाटकी, असं कुठेही नाही. त्यातच पुढे आहे की साक्रामेंत मांडायचं आणि परत ठेवायचं काम गरज पडल्यास नेमलेला प्रापंचिकही (म्हणजे दीक्षा न घेतलेला साधा भाविकही) करू शकतो, पण त्याने आशीर्वाद द्यायचा नाही. तो धर्मगुरू किंवा डीकनने (धर्मगुरूच्या खालच्या पदावरच्या दीक्षित सेवकाने) द्यायचा, खांद्यावरच्या शेल्याने हात झाकून आणि तोंडाने एक अक्षर न बोलता. हात का झाकायचे? तर आशीर्वाद त्यांचा नाही, त्यांच्या हातात जो आहे त्याचा आहे. माझ्या लेखाचा गाभा हाच होता. तुम्ही त्यावर एक ओळ लिहिली नाहीत. गुडघे मात्र मोजलेत.

राहिला 1967 चा मुद्दा. तसं वाक्य आहे, मला माहीत आहे. आराधनेत शास्त्रपाठ हवा, गीतं हवीत, शांत बसायला वेळ हवा, हेही माहीत आहे. पण आमच्याकडे ‘केवळ आशीर्वाद’ नसतो. गीत असतं, प्रार्थना असते, धूप असतो, मधे शांतताही असते, पंखे ऐकू येतील एवढी. गेल्या शुक्रवारी मुद्दाम घड्याळ लावून बघितलं. आठ मिनिटं झाली. त्यातली दोन कोळसा पेटेना म्हणून गेली, ती धरायची की नाही ते तुम्ही ठरवा. लोकांना रिक्षा मिळवायच्या असतात, कुणाची मुलं शिकवणीवरून आणायची असतात, हे पुस्तकात लिहिलेलं नसतं.

आठ मिनिटं कमी वाटत असतील तर प्रमुख धर्मगुरूंना पत्र लिहा. त्या पत्रावर माझी सही हवी असेल तर तीही देईन, फक्त त्यात गुडघे आणू नका.

पुढची प्रतिक्रिया नाव लिहून पाठवा. निनावी आली तरी काढून टाकणार नाही, पण उत्तराची वाट बघू नका.