सार्जंटला त्या उन्हाळ्यात घर मिळालं

कलाकाराला एकांत लागतो, हे मी चित्रकला शिकत होते तेव्हापासून ऐकत आलेय. मला ते कधीच पूर्ण पटलं नाही. अडलेल्या, खचलेल्या चित्रकाराला तर एकांत देऊच नये, या मताची मी आहे. त्याला माणसांनी भरलेलं घर द्यावं.

असं वाटण्याचं मुख्य कारण एक चित्र आहे. जॉन सिंगर सार्जंट या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रकाराचं ‘कार्नेशन, लिली, लिली, रोझ’. लंडनला टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात ते प्रत्यक्ष पाहिलं आणि पाय तिथून निघेनात. संध्याकाळची बाग, पांढऱ्या फ्रॉकमधल्या दोन मुली कागदी कंदील लावताहेत, भोवती उंच लिली आणि गुलाब. कंदिलाचा केशरी उजेड मुलींच्या चेहऱ्यावर आणि बोटांवर आलाय, तर फ्रॉकच्या पांढऱ्यात मावळतीचा जांभळट निळा उतरलाय. हे दोन उजेड एकत्र दिसतात ते दिवसातून जेमतेम दहा मिनिटं.

आता हा माणूस तिथे कसा पोचला ते बघा. 1884 मध्ये पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या वार्षिक चित्रप्रदर्शनात, त्याचं ‘मादाम एक्स’ हे एका बाईंचं पोर्ट्रेट लागलं आणि गदारोळ झाला. त्या बाईंच्या गाऊनचा एक पट्टा खांद्यावरून घसरलेला दाखवला होता, तेवढ्यावरून पॅरिसने त्याला फाडून खाल्लं. पोर्ट्रेटची कामं आटली. चित्रकला सोडून द्यावी का, असं तो मित्रांपाशी बोलू लागला होता. वय एकोणतीस!

1885 च्या उन्हाळ्यात एडविन ऑस्टिन ॲबी या चित्रकार मित्राबरोबर तो थेम्स नदीवर होडीने फिरायला गेला. पँगबर्नला बंधाऱ्यावरून सूर मारताना डोक्याला चांगलीच खोक पडली. त्याच फेरीत संध्याकाळी झाडांमध्ये, लिलींच्या वर टांगलेले कंदील त्याने पाहिले होते. ॲबी त्याला बरं होण्यासाठी वूस्टरशरमधल्या ब्रॉडवे या खेड्यात घेऊन गेला. तिथे फ्रँक मिलेट या अमेरिकन चित्रकाराने घर घेतलं होतं आणि ते घर सतत भरलेलं असे. कादंबरीकार हेन्री जेम्स येई, समीक्षक एडमंड गॉस येई, चित्रकार तर कितीतरी. दिवसा काम, संध्याकाळी टेनिस, रात्री पियानोभोवती गाणी. चित्राचं नावसुद्धा तिथे म्हटल्या जाणाऱ्या जोसेफ मात्झिंगीच्या एका गाण्यातून आलंय.

कंदील त्याने नदीकाठी पाहिले हे खरं. पण पाहणं आणि काढणं यात फार अंतर असतं, आणि ते अंतर या घराने भरून काढलं. आधी मिलेटची पाच वर्षांची केट उभी राहिली. मग सार्जंटला हवे तसे केस दिसले ते फ्रेडरिक बार्नर्ड या चित्रकाराच्या मुलींचे, अकरा वर्षांची डॉली आणि सात वर्षांची पॉली. सप्टेंबरपासून रोज संध्याकाळी सगळी तयारी आधीच करून ठेवायची, टेनिसचा डाव चालू ठेवायचा, आणि तो विशिष्ट उजेड आला की खेळ टाकून सार्जंट कॅनव्हासकडे धावायचा. काही मिनिटं रंगवायचं की अंधार. पुन्हा दुसऱ्या दिवशी. नोव्हेंबर उजाडला तशी थंडी पडली, तर मुली फ्रॉकच्या आत लांब पांढरे स्वेटर घालून उभ्या राहू लागल्या. गुलाब सुकले, तर वाळलेल्या झाडांना खोटी फुलं बांधली. तरी चित्र अपुरंच राहिलं! पुढच्या वर्षासाठी त्याने मिलेटकडे लिलीचे कंद आधीच पाठवून दिले, आणि घरच्यांनी ते लावले. 1886 च्या ऑक्टोबरमध्ये चित्र एकदाचं पुरं झालं.

त्या घरात त्याला कुणी ‘अजून झालं नाही का?’ म्हणून टोकलं असतं तर? दोन मुलींच्या आईबापांनी ‘पुरे आता, पोरी गारठतात’ म्हटलं असतं तर? त्यांचा हक्कच होता. मला या चित्रात सार्जंटच्या हाताइतकाच त्या लोकांचा धीर दिसतो. 1887 मध्ये ते लंडनच्या रॉयल ॲकॅडमीच्या प्रदर्शनात लागलं, त्याच वर्षी चॅन्ट्री निधीतून (कलाकृती विकत घेण्यासाठी ठेवलेल्या देणगीतून) देशासाठी विकत घेतलं गेलं, आणि इंग्लंडमध्ये त्याचं बस्तान बसलं.

आपल्याकडे चित्रकार अडला की आपण त्याला बरेच सल्ले देतो. पोर्टफोलिओ नीट कर, इन्स्टाग्रामवर टाकत जा, एखाद्या रेसिडेन्सीला, म्हणजे काही दिवस राहून काम करायची सोय देणाऱ्या संस्थेकडे, अर्ज कर. रेसिडेन्सी चांगलीच असते, पण तिथे शेवटी काय दाखवणार हे आधी लिहून द्यावं लागतं. ज्याला काय काढायचं हेच सुचत नाहीये त्याने अर्जात काय लिहावं? त्याला महिनाभर जेवायला हाक मारणारं कुणी हवं, आणि कामाबद्दल न विचारणारं.

आमच्या वाईच्या घरी माडीवरची खोली मे महिन्यात रिकामी असते. उत्तरेकडची खिडकी आहे, मागे अंगण आहे, जेवायला आम्ही सगळे असतोच, आणि माझ्या भाच्या संध्याकाळी उभ्या राहायला आनंदाने तयार होतील. मित्रयादीतल्या ज्या चित्रकाराचं सध्या अडलंय त्याने किंवा तिने मला इनबॉक्समध्ये लिहा. भाडं नाही, अर्ज नाही. आणि चित्र अपुरं राहिलं तर पुढच्या मे महिन्यात परत या.