शंभर तासांचा हिशेब आणि एक क्विंटल सोयाबीन

भाच्यानं परवा एक मेसेज पाठवला. तुमच्याही ग्रुपवर तो येऊन गेला असेल, कारण नवा मोठा गेम पाच-सहा हजारांना निघाला की तो हमखास फिरतो. सार असं: रडू नका, गेम महाग झालेले नाहीत, उलट स्वस्त झालेत. नव्वदच्या दशकात ते आजच्यापेक्षा महाग होते. तासाचा भाव काढला तर सिनेमापेक्षा कमी पडतो. गेम बनवायचा खर्च आभाळाला भिडलाय. एकदा घेतला की गेम जन्मभर तुमचा. आणि परवडत नसेल त्यानं सेलची वाट बघावी, किमतीला नावं ठेवू नयेत.

खाली भाच्याची ओळ: ‘मामा, आता बोला.’

बोलतो. लातुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ट्यूशनच्या पोरांचे लॅपटॉप आणि गेम खेळणाऱ्यांची मशिनं, यावरच घर चालतं. तेव्हा गेमला शिव्या घालायला मी बसलेलो नाही. स्वतः खेळतो, रात्री दुकान बंद केल्यावर.

नव्वदच्या दशकाचा मुद्दा अमेरिकेपुरता खरा आहे, तो आधीच मान्य करून टाकतो. तिथं १९९५ च्या आसपास सुपर निन्टेंडो या टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्याची कॅसेट साठ-सत्तर डॉलरला मिळायची; क्रोनो ट्रिगर तर ऐंशीला होता. महागाई धरली तर तेव्हाच्या साठाचे आज सव्वाशे डॉलर होतात. पण कॅसेट महाग का होती, हे मेसेज लिहिणारा सांगत नाही. तिच्यात मेमरी चिप असायची. गेम मोठा तर चिप मोठी, आणि प्रत्येक कॅसेटमागे तिचे पैसे पडायचे. सीडी आली तसा तो खर्च एकदम खाली आला. आज तर गेम बहुतेक वेळा डाउनलोडच होतो. चिप नाही, खोकं नाही, ट्रकचं भाडं नाही. गिऱ्हाईकही किती वाढलं बघा: २०१३ साली आलेला जीटीए फाइव्ह हा एकच गेम आजवर वीस कोटींच्या वर खपलाय.

आणि आपलं काय? किल्लारीच्या भूकंपानंतर दोनेक वर्षांनी उदगीरला आमच्या गल्लीत एकानं टीव्ही आणि गेमचा डबा मांडला. अर्ध्या तासाला एक रुपया. डबा नकली, कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं छापलेलं, आत खरे गेम दहा-पंधरा आणि बाकी तेच नाव बदलून. मारिओ, काँट्रा, रणगाडे. पुढं सीडी आल्या त्याही चोरीच्या. यात मिरवण्यासारखं काही नाही, पण आमचा नव्वदचा काळ हा असा होता. साठ डॉलर आम्ही तेव्हा दिलेच नव्हते. मग त्या साठाशी ताडून ‘तुम्हाला आज स्वस्त पडतंय’ हे आम्हाला कुणी का सांगावं?

ताडायचंच तर कमाईशी ताडा. २०२० साली सोनीचं प्लेस्टेशन फाइव्ह हे गेम खेळायचं मशिन आलं तेव्हा मोठ्या गेमचा अमेरिकेतला भाव साठावरून सत्तर डॉलर झाला. आपल्याकडं सोनीच्या गेमवर ४,९९९ रुपये लागले. डॉलर तेव्हा चौऱ्याहत्तरच्या आसपास होता, म्हणजे जवळजवळ सरळ गुणाकार. अमेरिकेत केंद्राचं किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे आणि ते २००९ पासून हललेलं नाही. तरी त्या दरानं सत्तर डॉलर दहा तासांच्या आत निघतात. आपल्या रोजगार हमीवर २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. त्या दरानं ४,९९९ व्हायला सोळा दिवस लागतात. नाहीतर सोयाबीनमध्ये मोजा. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता. म्हणजे एक क्विंटल सोयाबीन द्यायचं, वर एकशे सात रुपये मोजायचे, आणि एक गेम घ्यायचा. तेही हमीभाव मिळाला असं धरून. मोंढ्यात त्या साली काय भाव निघाला हे ज्यानं पोती उतरवली त्याला विचारा.

भाव वेगळा ठेवताच येत नाही, असंही नाही. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून रुपयांत किंमत लावता येते. २०२३ चा बाल्डर्स गेट थ्री हा गेम अमेरिकेत साठ डॉलरला होता. त्याचे तेव्हा पाच हजारांच्या जवळ झाले असते, पण इथं तो २,९९९ ला लागला. ज्यांनी तसं केलं नाही त्यांची आपण वकिली का करायची?

आता तासांचा हिशेब. भाच्याचा सगळा जोर यावरच होता. पाच हजारांचा गेम शंभर तास चालला, तासाला पन्नास रुपये. सिनेमाचं तिकीट दोनशेचं, अडीच तास, तासाला ऐंशी. ‘मामा, सस्तंच पडतंय की!’

आकडेमोड बरोबर आहे, पण मांडणी अर्धीच. सिनेमाला जाताना पडदा आणि प्रोजेक्टर घरून न्यावा लागत नाही. डिस्कवालं प्लेस्टेशन फाइव्ह २०२१ मध्ये इथं ४९,९९० ला आलं आणि पुढच्याच वर्षी ५४,९९० झालं. त्यावर तुम्ही दहा गेम घेतले आणि दहाही शंभर-शंभर तास खेळलात असं समजू. नुसत्या मशिनचेच तासाला पंचावन्न रुपये वर चढतात. पन्नास अधिक पंचावन्न. सिनेमा जिंकला! टीव्ही आणि लाइट बिल मी धरलेलंच नाही.

शिवाय शंभर तास खेळतो कोण? स्टीमवर कोणत्याही गेमची अचिव्हमेंटची, म्हणजे खेळताना गाठायच्या टप्प्यांची, यादी उघडा. किती टक्के लोक कुठवर पोचले ते तिथं दिसतं. शेवटच्या टप्प्याचा आकडा बऱ्याचदा अर्ध्याच्याही खाली असतो. पैसे पूर्ण गेमचे दिलेले असतात, तास मात्र अर्धेच वसूल होतात.

या मोजमापाचा मला खरा राग येतो तो वेगळ्याच कारणानं. तासावर भाव काढायचा म्हटला की वरणात पाणी ओतणारा शहाणा ठरतो. नकाशा मोठा करा, त्यावर दोनशे खुणा पेरा, ‘दहा लांडगे मारून या’ असली कामं भरा, झाले तास. २००७ चा पोर्टल नावाचा गेम तीन-चार तासांत संपतो. त्याला या हिशेबानं भंगारात काढावं लागेल. आणि तासच बघायचे तर साठ रुपयांचा पत्त्यांचा कॅट घ्या. आमच्या गल्लीत एका कॅटवर अख्खा श्रावण निघायचा.

पुढचा मुद्दा खर्चाचा, आणि तोही खोटा नाही. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खटल्यातल्या कागदांवर सोनीनं काळी शाई नीट फिरवली नव्हती, त्यातून तिच्या गेमच्या खर्चाचे आकडे बाहेर आले: द लास्ट ऑफ अस पार्ट टूला २२ कोटी डॉलर, होरायझन फॉरबिडन वेस्टला २१ कोटी २० लाख. वर्षानुवर्षं शेकडो माणसं खपतात, पगार द्यावे लागतात. कबूल.

फक्त हा युक्तिवाद मराठवाड्यातल्या माणसाला ऐकवताना जरा जपून. उत्पादन खर्चावर आधारित भाव मागत शरद जोशींची शेतकरी संघटना ऐंशीच्या दशकात रस्त्यावर उतरली. बियाणं वाढलं, खत वाढलं, डिझेल वाढलं, मजुरी वाढली, तरी ती मागणी अजून तशीच आहे. कारण बाजार सांगतो, तुझा खर्च तुझ्यापाशी ठेव, मालाचा भाव मी ठरवीन. शेतकऱ्याला हा नियम आणि गेम कंपनीचा खर्च मात्र गिऱ्हाइकानं समजून घ्यायचा? ‘बिचाऱ्यांचा खर्च वाढलाय हो’ असं तुरीबद्दल म्हणणारा मेसेज मला अजून तरी आलेला नाही.

बरं, जास्त खर्च केला म्हणून गेम जास्त चांगला होतो का? २०२५ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पेडिशन ३३. फ्रान्समधल्या माँपेलिए गावच्या कंपनीचा, मूळ चमू तिसेक जणांचा, बाकी काम बाहेरून करून घेतलेलं. किंमत पन्नास डॉलर. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या तीन जणांच्या टीम चेरीनं हॉलो नाइट: सिल्कसाँग काढला, तो वीस डॉलरला. आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीनं २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम बनवला, तोही मोठ्या भांडवलाशिवाय. सत्तर-ऐंशी डॉलरवाल्यांचा खर्च वाढला, कारण त्यांनी तसले गेम बनवायचं ठरवलं. घोड्याच्या अंगावरचा एकेक केस हलला पाहिजे अशी मागणी घेऊन मी कुणाच्या दारात गेलो नव्हतो.

आणि जास्त पैसे घेऊन तरी माल पूर्ण देतात का? सत्तर डॉलरची सुरुवात ज्यांनी केली त्यातला एक, एनबीए टू के २१ हा बास्केटबॉलचा गेम. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच गेमच्या जुन्या मशिनवरच्या आवृत्तीत, लोडिंग चालू असताना, टाळता न येणारी जाहिरात झळकली. ओरड झाल्यावर ती तिथं यायला नको होती असा खुलासा आला. वर डिलक्स आवृत्ती, सीझन पास, तीन दिवस आधी खेळायचे वेगळे पैसे. ताट सत्तरचं, पापड-लोणचं वेगळं.

‘एकदा घेतला की जन्मभर तुमचा.’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. भाबडेपणानं लिहिलंय की बनवाबनवी आहे, ते कळेना.

युबिसॉफ्टचा द क्रू हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ साली आला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं त्याचे सर्व्हर बंद केले आणि त्याबरोबर गेमच बंद पडला. एकट्यानं खेळायचा भागही गेला, डिस्क घरात असून. त्यावरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’, म्हणजे विकलेले गेम असे मारू नका, नावाची मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियानं कायदा केला की डिजिटल माल विकताना तुम्ही मालकी देत नसून परवाना देताय, हे गिऱ्हाइकाला सांगा. तेव्हापासून स्टीमवर पैसे भरायच्या पानावरच ती ओळ दिसते. दुकानदार स्वतः लिहून देतोय, आणि मेसेजवाला म्हणतो जन्मभर तुमचा.

डिस्कचं मात्र वेगळं आहे, आणि त्याची मेसेजमध्ये दखलच नाही. पाच हजारांची डिस्क खेळून झाली की तीन हजारांना दुसऱ्याला देता येते, म्हणजे आपल्याला गेम दोन हजारांत पडला. माझ्या दुकानात येणारी चार पोरं मिळून एक डिस्क घेतात आणि महिन्यामहिन्यानं फिरवतात, भिशीसारखी. नवी किंमत कुणी खरी पेलली असेल तर या पोरांनी. आणि नेमकी डिस्कच चाललीय. २०२४ चं प्लेस्टेशन फाइव्ह प्रो विकलं गेलं ते डिस्कच्या खाचेशिवाय. ती हवी तर वेगळी घ्या.

शिवाय मालकी बाजूला ठेवली, तरी गेम घरात यायला तर हवा. बाल्डर्स गेट थ्रीला दीडशे जीबी जागा लागते. बहिणीचं गाव अहमदपूर तालुक्यात. तिथं वायरचं इंटरनेट नाही, फाइव्हजी पोचलेलं नाही, मोबाईलचा पॅक दिवसाला दोन जीबी. पंचाहत्तर दिवस! स्टीमवर गेम आवडला नाही तर पैसे परत मिळतात, पण घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच. भाच्याची ती मुदत संपते तेव्हा त्याचे जेमतेम अठ्ठावीस जीबी उतरलेले असतात. म्हणून तो हार्ड डिस्क घेऊन लातूरला माझ्याकडं येतो, आणि एसटीचं तिकीट कुणाच्याच हिशेबात नसतं.

राहिला सेल. वाट बघा हा सल्ला मी स्वतः रोज देतो. पण त्यानं मेसेजचाच मुद्दा पडतो हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही. सायबरपंक २०७७ हा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला तो इतका मोडका की आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून काढला. परत ठेवला तो पुढच्या जूनमध्ये. नीट व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडला. पहिल्या दिवशी पूर्ण पैसे देणाऱ्याला कैरी मिळाली आणि तीन वर्षांनी सेलमध्ये घेणाऱ्याला पाडाचा आंबा, तोही कमी भावात. मग पहिल्या दिवसाचा भाव रास्त होता, हे कुठल्या तोंडानं म्हणायचं?

हे सगळं मी भाच्याला व्हॉइस मेसेजमध्ये ऐकवलं. त्याचं उत्तर आलं, ‘मामा, किती बोलूलालात!’ पण दिवाळीला आला तेव्हा पाच हजारांचा बेत त्यानं सोडला होता आणि पाचशेच्या आतला स्टारड्यू व्हॅली घेतला होता. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसानं चारेक वर्षं खपून बनवलेला, २०१६ चा, शेतीचा गेम. २०२४ पर्यंत त्यात मोठमोठी भर पडत गेली, एक पैसा जास्त न घेता.

दाजी मागं खाटेवर बसून बघत होते. अतिवृष्टीत त्यांचं सोयाबीन पाण्यात गेलेलं. पोरानं त्यांना समजावून सांगितलं, की यातला टीव्ही लावला की उद्या पाऊस आहे का नाही ते कळतं, आणि माल काढून या पेटीत टाकला की सकाळी ठरलेल्या भावानं पैसे जमा.

‘टीव्हीनं सांगितलेला पाऊस येतोच?’

‘येतोच.’

‘आन् भाव ठरलेला?’

‘ठरलेला.’

दाजी जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘सरक तिकडं. मला दाव कसं पेरायचं.’